आमरच्या खोऱ्यातलं सफरचंद

बुधवार, ७ मे. बॉबलिंगेन, जर्मनी

लेख गेला. भास्करचं उत्तर लगेच — "मॅडम, तुम्ही नसता तर आमची रविवारची पुरवणी कोरी निघाली असती." दर बुधवारी हेच लिहितो. दर बुधवारी बरं वाटतं.

पुढच्या आठवड्याला विषय नाही. मोटारींचा कारखाना झाला, कचऱ्याचे वेगवेगळे डबे झाले, रविवारी कुलूप लावून बसणारी दुकानं झाली. लेकीनं, कादंबरीनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, इथलं काहीही लिही, फक्त घरातलं नको." म्हटलं, बरं. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या बाईनं घरातलं सोडून काय लिहायचं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

बाळंतपणाला आलो आहोत आम्ही दोघी. स्नेहलताताई — जावईबापूंच्या, यशोधनच्या आई — कराडहून मार्चमध्येच येऊन बसल्या. मी एप्रिल संपताना. खरं तर बाळंतपण माहेरचं. पण मार्चमध्ये माझी दोन व्याख्यानं ठरलेली होती, आणि तारीख तर जूनची. इतक्या आधी येऊन करायचं काय? आता आले आहे तर स्वयंपाकघर पूर्ण त्यांच्या ताब्यात. डिंकाचे लाडू वळून डब्यात भरलेले. मी चहा ठेवायला गेले की, "राहू द्या हो विहीणबाई, तुम्ही लिहा."

सकाळी कानात इअरफोन घालून ओट्याशी उभ्या असतात. ओठ हलत असतात. स्तोत्र असावं कुठलं तरी.

गुरुवार, ८ मे

विषय मिळाला! यशोधनचा ऑफिसातला मित्र नागेश संध्याकाळी आला होता. शनिवारी गाडी काढतो म्हणाला. बव्हेरियात, आल्प्सच्या पायथ्याशी, आमर नदीचं खोरं. ओबरआमरगाउ नावाचं गाव. भिंतींवर चित्रं काढलेली घरं, पिढ्यान्‌पिढ्या लाकडात मूर्ती कोरणारी माणसं. "काकू, तुमचे तीन लेख सुटतील," म्हणाला. मी मनात दोन धरले.

आम्ही दोघी आणि थोरली नात उर्जा जाणार. कादंबरी येत नाही, म्हणून यशोधनही नाही. ती दिवसभर सोफ्यावर आडवी असते. डॉक्टरांनी आधीपासूनच कामावरून घरी बसवलंय. गरोदर बाईचे इथं काय लाड करतात! टिपून ठेवलं. नाव न घालता कुठंतरी वापरता येईल.

स्नेहलताताईंनी नागेशला विचारलं, "तिकडं देवीचं ठाणं आहे का रे एखादं?"

"मावशी, तिकडे प्रत्येक कोपऱ्यावर मेरी आहे. चालेल?"

"लेकुरवाळी आहे ना? मग का नाही चालणार?"

सगळे हसलो. कादंबरी हसली नाही.

शनिवार, १० मे

दमले आहे, तरी लिहून ठेवते. उद्यावर टाकलं तर मी ते नीटनेटकं करीन. मी स्वतःला ओळखते.

पहाटे निघालो. नागेश म्हणाला, "दोन विहिणी एका गाडीत, म्हणून काल ब्रेक तपासून घेतले." नऊ वर्षांची उर्जा आमच्या मधे. तिच्यासाठी मी पुणे-आजी, त्या कराड-आजी. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. स्नेहलताताई तिला विचारतात, "भूक लागली का गं?" ती म्हणते, "नोख निश्त." त्या मान डोलावतात. अर्थ मी सांगते — इतक्यात नाही म्हणतेय. तरुणपणी जर्मनचे दोन कोर्स केले होते मी. एवढं येतं. ते येतं हे मी जरा जास्तच दाखवते, हेही खरं.

खोरं सुंदर आहे. आधी एट्टालच्या मठाचा घुमट, मग कुरणं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि गावाच्या डोक्यावर सुळ्यासारखा एक डोंगर, त्याच्या टोकावर क्रूस. घरांच्या भिंतींवर संत, देवदूत, परीकथेतली पोरं. कित्येक घरांना रंगवलेले खांब, रंगवलेल्या महिरपी. एका घराची वरची खिडकी बघत मी उभी होते, तर उर्जा ओरडली, "डास इस्ट गार काइन फेन्स्टर!" मी अर्थ सांगणार, तोवर स्नेहलताताईच म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की. खिडकी नाहीच, नुसती रंगवलीय." पोरीचं बोट बघून ओळखलं असावं.

मग ते दुकान.

पुढे विक्रीचे देवदूत आणि गाई, मागे कारागिराची खोली, मधे दार नाही. नागेश उर्जाला आइस्क्रीम द्यायला घेऊन गेला होता. आतल्या बाकावर खिडकीपाशी मेरी उभी होती, गुडघ्याएवढी, रंग न लावलेली. चेहरा पूर्ण झालेला, कडेवरचं पोरही, पाय अजून ओंडक्यातच. मी मनात वाक्य जुळवत होते — ओंडक्यातून अर्धी बाहेर आलेली आई, असं काहीतरी — आणि मागे वळून बघते तर स्नेहलताताईंनी उंबऱ्यापाशी बूट काढलेले. मोज्यांनिशी आत गेल्या. पर्समधून हिरवा खण काढला. रुमालाच्या गाठीतले तांदूळ, सुपारी, एक सफरचंद. सगळं घरून बांधून आणलेलं. त्या बाकावर, पटाशांच्या शेजारी, त्यांनी मेरीची ओटी भरली. थोडे तांदूळ खाली भुशात सांडले. करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं, मेरीच्या कपाळाकडे नेलं — आणि थांबल्या. बोट मागे घेऊन कुंकू खणाला लावलं. हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिल्या.

दुकानात आणखी लोक होते. एक जोडपं, पांढरे केस, उत्तम कोट. ते बघत होते. माझे कान तापले.

काउंटरवरची बाई माझ्याजवळ आली. रागानं नाही. हळू विचारलं, तुम्ही दोघी एकत्र आहात का? सोपा प्रश्न. मी म्हणाले, "नाइन. इश बिन आलाइन हीअर."

नाही. मी एकटीच आले आहे.

आणि पाठ फिरवून लाकडी गाई बघू लागले. एक हातात घेतली, किंमत वाचली, ठेवली. दुसरी घेतली.

मागे त्या बाईचा आवाज, मग स्नेहलताताईंचा, मग दोघींचं हसणं. काय हातवारे केले कोण जाणे. वळले तेव्हा ती बाई सांडलेले तांदूळ एका वाटीत भरत होती, आणि सफरचंद मेरीच्या पायाशी होतं तिथंच होतं.

परत येताना गाडीत उर्जा झोपली. स्नेहलताताईंनी डबा उघडला आणि पहिला लाडू माझ्यापुढे धरला. "दुपारपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही."

खाल्ला.

रविवार, ११ मे

लेख जमला. एका बैठकीत. असं क्वचित होतं.

खोरं आहे, रंगवलेल्या खिडक्या आहेत, आणि मधे प्रसंग. "दुकानात एक मराठी बाई भेटल्या," असं लिहिलंय. भेटल्या! सफरचंदात मजा येत नव्हती, म्हणून नारळ घातला. त्या तो कुठं फोडू म्हणून विचारतायत, हेही घातलं. कुंकू मेरीच्या कपाळी लावलं. शेवटी दोन परिच्छेद आपल्या श्रद्धेबद्दल — हसत हसत, पण प्रेमानं. टीका वाटू नये याची काळजी घेतली आहे. ती काळजी घेता येते मला. इतक्या वर्षांचा हात आहे.

कादंबरीला दिलेला शब्द मोडला नाही. घरातलं कुठं आहे?

सोमवार, १२ मे

एकदा वाटलं नारळ काढावा. काढून वाचलं. परिच्छेद बसला. परत घातला.

बुधवार, १४ मे

पाठवला. भास्कर — "नारळावर ऑफिसभर हसले. ही बाई खरंच भेटली?" लिहिलं, हो.

शुक्रवार, १६ मे

कुठून सुरू करू? क्रमानं.

दुपारी कादंबरी बाथरूममधून हाक मारत होती. "मम्मी!" मम्मी म्हणजे सासू. मी पलीकडच्याच खोलीत होते, लॅपटॉपपुढे. स्नेहलताताई ओट्याजवळून धावल्या, पिठाच्या हातानं. मी पोचले तेव्हा फरशीवर रक्त होतं आणि त्या फोनवर यशोधनशी बोलत होत्या. बॅग भरलेली होती. दाराच्या मागे, केव्हाची. ती मी रोज बघत होते. मला वाटलं धुवायचे कपडे आहेत.

आता बरी आहे. रक्त थांबलंय. घरी सोडणार नाहीत. होईल तितके दिवस पोट सांभाळायचं आणि मग ऑपरेशन. बाळाची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर. फेब्रुवारीच्या तपासणीत दिसलं होतं. वर सरकेल म्हणून वाट पाहिली, सरकली नाही. म्हणून घरी बसवलं होतं. म्हणून सोफा. म्हणून स्नेहलताताई मार्चमध्ये आल्या.

हे सगळं मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये यशोधननं सांगितलं. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. "म्हणजे... आईनं तुमच्यासमोरच ओटी भरली ना? सुखरूप सुटू दे म्हणून? ती म्हणाली, तुम्ही दोघी होतात."

दोघी होतात.

संध्याकाळी कादंबरीजवळ एकटी बसले होते. हाताला सलाइन, चेहरा पांढरा. न विचारण्याइतकी अक्कल नाही मला. विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी घाबरले असते म्हणून?"

"नाही गं. तू घाबरत नाहीस." डोळे मिटलेले होते तिचे. "तू लिहिलं असतंस."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तू छापलं होतंस, आई. माझ्या वर्गात बाईंनी वाचून दाखवलं. छान लिहिलं होतंस."

नर्स आली. बरं झालं.

शनिवार, १७ मे

सकाळी भास्करला फोन केला. लेख काढ. तो आधी हसला. मग म्हणाला, "मॅडम, पुरवणी गुरुवारीच छापून झाली. गठ्ठे गाड्यांत आहेत. काय चुकलंय का?"

म्हटलं, नारळ.

"नारळ म्हणजे?"

काही नाही, म्हटलं. नंतर बोलू.

आयुष्यभर मला अभिमान होता, की माझा मजकूर वेळेत जातो.

रविवार, १८ मे

पुण्याहून विनयचा फोन. आमच्याकडे पेपर सहाला येतो. बायकोच्या लेखावर नवरा कधी बोलत नाही, आज बोलला. "ती बाई म्हणजे स्नेहलताताई ना गं?" म्हटलं, हो. "मग भेटल्या असं का लिहिलंस?"

स्नेहलताताईंच्या कराडच्या कुणा मैत्रिणीनं लेख ग्रुपवर टाकला होता. त्या इथल्या सकाळी, ओट्यावर भाजी चिरायची सोडून, चष्मा लावून टेबलाशी वाचत बसल्या. मी दारात. आत जावं की मागे फिरावं कळेना. दोन्ही केलं नाही.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. बोटानं स्क्रीन सरकवत, सावकाश. एके ठिकाणी हसल्यासुद्धा.

"छान लिहिता हो तुम्ही. ते खोरं अगदी डोळ्यांपुढं आलं." चष्मा काढला. "नारळ नव्हता मात्र. इथं टर्किशच्या दुकानात मिळतो, पण विमानातून आलेला, आत नासका निघाला तर? म्हणून सफरचंद घेतलं."

"हो."

"आणि कुंकू नाही लावलं मी कपाळाला. नवं लाकूड. डाग पडला असता, त्या माणसाचं काम खराब झालं असतं. कराडला सगळ्या म्हणतायत, बाईला एवढीही अक्कल नाही का."

"त्यांना कळलं, तुम्ही आहात ते?"

"मी कळवलं होतं ना कुठं जाणार म्हणून. फोटो टाकले होते." पुन्हा सुरी हातात घेतली. दुधी होता. "नाव नाही घातलंत ते बरं केलंत."

मी बसले. बसायला जमलं तेवढंच. विचारलं, ओटी भरताना काय म्हणालात? आता विचारायचा मला अधिकार नाही हे माहीत असूनही विचारलं. धंद्याची सवय.

त्या दुधी चिरत राहिल्या. "असली ओटी माहेरची असते ना हो. लेकीच्या आईनं भरायची. म्हणून तुमचं नाव घेतलं. म्हटलं, ऊर्मिलाबाईंची लेक आहे, त्यांच्या वतीनं भरतेय, तिला मोकळी कर. माझं काय, मी हातानं भरली एवढंच."

त्या माझं नाव घेत होत्या, तेव्हा मी गाईची किंमत वाचत होते.

मंगळवार, २० मे

शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळी. नारळ नव्हता, सफरचंद होतं. कुंकू मूर्तीला लावलेलं नव्हतं. त्या अनोळखी नव्हत्या, माझ्या विहीणबाई होत्या, आणि मी शेजारी उभी असून ओळख नाकारली. आजवर लिहिलेल्यात सगळ्यांत प्रामाणिक मजकूर. पाठवण्याआधी त्यांना पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. उरलेल्या दोन वाचवेनात.

"नको हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा तेच? लोक विसरत आलेत. आणि कादंबरीला कळलं तर तिला तिथं पडल्या पडल्या मनस्ताप."

म्हणजे कबुलीसुद्धा छापून मोकळं व्हायचं होतं मला. वर कौतुक झालं असतं. बाईंचा केवढा मोठेपणा, म्हणून पत्रं आली असती.

खोडलं. पण दुकानातली गोष्ट त्यांना सांगायची राहिलीच आहे. ती त्यांना माहीत नाही. तोंडानं सांगायला हवी, समोर बसून. आज ठरवलं होतं. त्या उर्जाची वेणी घालत होत्या, तिचं जर्मन ऐकत मान डोलावत होत्या. उद्या सांगीन.

बुधवार, २१ मे

भास्करचे तीन मेसेज. पुढचा लेख? "मॅडम, जागा ठेवलीय." पाठवला नाही. काही नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, भरपूर आहे, नेहमीसारखं. हात लावायचा नाही.

आजही सांगितलं नाही. रोज हॉस्पिटलला बसनं जातो, शेजारी बसतो. त्या इअरफोन लावून ओठ हलवत असतात. व्यत्यय कसा आणायचा, हे माझं निमित्त.

शुक्रवार, २३ मे

मुलगी. दोघी सुखरूप.

यशोधन आत होता. आम्ही वॉर्डाच्या दाराशी पोचलो तर नर्सनं अडवलं. मी पुढे होते, म्हणून मलाच विचारलं, तुम्ही दोघी एकत्र आहात का? तेच शब्द.

मागून आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर जागेवर ठेवत — "जा. वीर गेहोरेन त्सुझामेन. झी इस्ट दी मुटर." हो, आम्ही एकत्र आहोत. या आई आहेत.

नर्स बाजूला झाली.

आत जाताना त्या म्हणाल्या, "कराडला वर्षभर क्लास लावला होता ऑनलाइन. उर्जाशी बोलता यावं म्हणून. अजून सकाळी धडे ऐकते." आणि इअरफोन गुंडाळून पर्समध्ये ठेवले. माझ्याकडे बघितलं नाही, मला संकोच होऊ नये म्हणून.

दुकानातलं माझं वाक्य अगदी सोपं होतं. पहिल्या धड्यातलं.

आणि त्यानंतर गाडीत त्यांनी पहिला लाडू मला दिला होता.